‘जवळजवळ शून्य’ वस्तुमानाचे मोठे परिणाम

कर्जत तालुक्यातील कळंब परिसरात भातलावणी चालू असो वा उन्हाळ्यात खाचरे कोरडी पडलेली असोत, तेथे सूर्याकडे तोंड करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला सुमारे ६,५०० कोटी न्यूट्रिनो आरपार जातात. रात्र झाली म्हणून हा वर्षाव थांबत नाही. सूर्य पृथ्वीच्या पलीकडे गेला की हेच कण संपूर्ण पृथ्वी भेदून पायाखालून वर येतात. त्यांना ना विद्युतभार आहे, ना कुणाशी सहजासहजी टक्कर घेण्याची खोड. त्यांचे वस्तुमान तर इतके नगण्य, की जवळजवळ सत्तर वर्षे बहुतेक भौतिकशास्त्रज्ञ ते सरळ शून्य धरत होते.

ते शून्य नाही, हे १९९८ मध्ये निश्चित झाले. त्या एका निष्कर्षाने पदार्थविज्ञानाच्या सर्वांत यशस्वी सिद्धांतात दुरुस्ती करणे भाग पाडले. ‘शून्य’ आणि ‘जवळजवळ शून्य’ यांतील हा फरक केवळ पुस्तकी नाही. त्याच्या शोधात मुंबईच्या शास्त्रज्ञांचा वाटा मोठा आहे, आणि त्याच फरकाच्या मोजमापासाठी आखलेला देशातील एक मोठा प्रकल्प आज रखडलेला आहे. या पार्श्वभूमीवर, अतिसूक्ष्म वस्तुमानाला संशोधनात एवढे महत्त्व का, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

हिशेबाची सोय आणि तिची किंमत

निसर्गातील कोणताही प्रश्न सोडविताना शास्त्रज्ञ काही गोष्टी सोयीसाठी गृहीत धरतात. एखादी वस्तू फार हलकी असेल तर तिचे वस्तुमान शून्य मानायचे, फार जड असेल तर अनंत मानायचे. त्यामुळे समीकरणे सोपी होतात आणि उत्तरही बहुधा बरोबर येते. परंतु प्रत्यक्षात कोणत्याही कणाचे वस्तुमान अनंत नसते, आणि जे शून्य मानले ते खरोखर शून्य असेलच असेही नाही. या सोयीमुळे उत्तरात जो बारीक फरक उरतो, तोच पुढे कित्येकदा नव्या शोधाचे दार ठरला आहे.

याचे पहिले ठळक उदाहरण हायड्रोजनच्या अणूचे. १९१३ मध्ये डेन्मार्कचे नील्स बोर यांनी अणूची रचना मांडली, तेव्हा मधले अणुकेंद्र अचल असून इलेक्ट्रॉन त्याभोवती फिरतो, असे गृहीत धरले होते. म्हणजेच अणुकेंद्र अनंत जड मानले होते. ही सोय रास्त होती; कारण हायड्रोजनचे अणुकेंद्र, म्हणजे प्रोटॉन, इलेक्ट्रॉनच्या १,८३६ पट जड आहे. मात्र लहान मुलाचे दोन्ही हात धरून त्याला गरगर फिरविणारा धट्टाकट्टा माणूसही थोडा मागे झुकतोच. तसेच अणुकेंद्रही किंचित डोलते.

बोर यांच्या गणितानुसार हेलियमच्या आयनाच्या वर्णरेषा हायड्रोजनच्या तुलनेत नेमक्या चार या गुणोत्तरात यायला हव्या होत्या. मोजमापात ते गुणोत्तर चारपेक्षा किंचित अधिक भरले आणि सिद्धांतावर आक्षेप घेण्यात आला. त्यावर बोर यांनी अणुकेंद्राचे खरे, मर्यादित वस्तुमान हिशेबात घेतले. उत्तर ४.००१६ आले आणि ते मोजमापाशी जुळले. आक्षेपाचेच पुराव्यात रूपांतर झाले.

या डोलण्याचा आणखी मोठा लाभ १९३१ मध्ये झाला. अमेरिकेचे हॅरॉल्ड युरी यांनी असा विचार केला, की दुप्पट जड अणुकेंद्र असलेला हायड्रोजन अस्तित्वात असेल तर त्याचे केंद्र जवळपास निम्मेच डोलेल आणि त्याच्या वर्णरेषा थोड्या सरकलेल्या दिसतील. हायड्रोजनच्या ६५६ नॅनोमीटरच्या लाल रेषेजवळ ही सरक अवघी ०.१८ नॅनोमीटर अपेक्षित होती. युरी व त्यांच्या सहकाऱ्यांना वर्णपटात जड हायड्रोजनच्या रेषा अपेक्षित जागी सापडल्या. हाच ड्युटेरियम. या शोधासाठी युरी यांना १९३४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ड्युटेरियमपासून बनणारे जड पाणी रायगडकरांना अपरिचित नाही. जिल्ह्यातील अलिबाग तालुक्यात थळ येथे १९८७ पासून जड पाण्याचा कारखाना आहे. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसारख्या देशी बनावटीच्या भट्ट्या जड पाण्यावर चालतात. ज्या पदार्थाभोवती एवढा उद्योग उभा राहिला, तो प्रथम हाती लागला तो वर्णरेषेच्या केसभर सरकण्यातून.

हिग्ज कणाची साक्ष

आजच्या प्रचंड कणत्वरकांतही हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत प्रोटॉन एवढ्या ऊर्जेने एकमेकांवर आदळतात, की अनेक गणितांत बॉटम क्वार्क या कणाचे वस्तुमान दुर्लक्षित केले तरी चालते. पण २०१२ मध्ये सापडलेल्या हिग्ज कणाच्या बाबतीत असे करता येत नाही. हिग्ज कण इतर मूलकणांशी त्यांच्या वस्तुमानाच्या प्रमाणात नाते जोडतो. बॉटम क्वार्कचे वस्तुमान शून्य धरले, तर हिग्जचे बॉटम क्वार्कच्या जोडीत होणारे विघटनच कागदावरून नाहीसे होते. प्रत्यक्षात १०० पैकी सुमारे ५८ हिग्ज कण याच मार्गाने नष्ट होतात. सर्नच्या अ‍ॅटलास आणि सीएमएस या दोन्ही प्रयोगांनी २०१८ मध्ये हे विघटन निःसंशय नोंदविले. यांपैकी सीएमएस प्रयोगात कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजेच टीआयएफआर, सहभागी आहे.

थोडक्यात, कोणते वस्तुमान कुठे सोडून द्यायचे आणि कुठे धरून ठेवायचे, हा विवेक संशोधनाचा कणा आहे. या विवेकाची सर्वांत कठोर परीक्षा घेतली ती न्यूट्रिनोने.

कोलारच्या खाणीतून सुरुवात

न्यूट्रिनोची कल्पना ऑस्ट्रियात जन्मलेले वोल्फगांग पाउली यांनी डिसेंबर १९३० मध्ये मांडली. काही किरणोत्सर्गी अणूंच्या विघटनात थोडी ऊर्जा हरवल्यासारखी दिसत होती. ती एखादा न दिसणारा कण घेऊन जात असावा, असा त्यांचा तर्क होता. १९३४ मध्ये इटलीचे एन्रिको फर्मी यांनी या विघटनाचा सिद्धांत तयार केला. न्यूट्रिनोला वस्तुमान असेल तर बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या आलेखाचे अगदी शेवटचे टोक बदलेल, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिले. मात्र उपलब्ध मोजमापांवरून ते वस्तुमान शून्य किंवा अत्यल्प असावे, असे दिसत होते. प्रत्यक्ष कण १९५६ मध्ये अमेरिकेतील अणुभट्टीजवळ फ्रेडरिक राइन्स आणि क्लाइड कॉवन यांना सापडला.

यानंतरचा एक महत्त्वाचा टप्पा भारतात गाठला गेला. विश्वकिरण वातावरणावर आदळतात तेव्हा त्यातूनही न्यूट्रिनो निर्माण होतात. ते टिपायचे तर इतर कणांचा गोंगाट टाळण्यासाठी जमिनीखाली खोल जावे लागते. टीआयएफआरचे शास्त्रज्ञ त्यासाठी कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरले. तेथील आधीच्या प्रयोगांत, सर्वाधिक खोलीवर दोन महिने वाट पाहूनही एकही म्यूऑन कण नोंदला गेला नव्हता. प्रयोग म्हणून हे अपयश वाटले तरी न्यूट्रिनोच्या शोधासाठी याहून निवांत जागा मिळणार नव्हती.

माथेरानचा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे. तसे जवळजवळ तीन डोंगर एकावर एक रचावेत, इतक्या म्हणजे सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर संवेदक बसविण्यात आले. टीआयएफआरचे एम. जी. के. मेनन, बी. व्ही. श्रीकंठन, व्ही. एस. नरसिंहम आदींबरोबर जपानचे ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडचे डरहॅम विद्यापीठ यांतील शास्त्रज्ञ या कामात होते. १९६५ मध्ये या चमूने वातावरणीय न्यूट्रिनोची नोंद जाहीर केली. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणीत राइन्स यांचा चमूही त्याच सुमारास यशस्वी झाला. कोलारचा निबंध मात्र त्याच्या काही दिवस आधी, १५ ऑगस्ट १९६५ च्या अंकात प्रसिद्ध झाला. वातावरणीय न्यूट्रिनोंचा अभ्यास येथून सुरू झाला.

हरवलेले न्यूट्रिनो आणि तानपुऱ्याच्या तारा

दरम्यान अमेरिकेत रेमंड डेव्हिस यांनी दक्षिण डाकोटा राज्यातील एका खाणीत, ड्रायक्लीनिंगसाठी वापरतात त्या द्रवाने भरलेली सुमारे ३ लाख ८० हजार लिटरची टाकी ठेवून सूर्याचे न्यूट्रिनो मोजायला घेतले. १९६८ पासून मिळालेले आकडे चक्रावणारे होते. गणितानुसार जेवढे न्यूट्रिनो यायला हवेत, त्यांच्या एक तृतीयांशच सापडत होते. सूर्याचे गणित चुकले, की डेव्हिस यांचा प्रयोग, यावर तीस वर्षे वाद चालला.

उत्तर दडले होते वस्तुमानात. न्यूट्रिनोचे इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि टाऊ असे तीन प्रकार आहेत. त्यांना वस्तुमान असेल आणि ती वस्तुमाने भिन्न असतील, तर प्रवासात एक प्रकारचा न्यूट्रिनो दुसऱ्या प्रकारात बदलू शकतो. ब्रुनो पोंतेकोर्वो यांनी १९५७ मध्ये या विचाराला तोंड फोडले आणि १९६२ मध्ये माकी, नाकागावा व साकाता या जपानी शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या प्रकारांच्या मिश्रणाची कल्पना मांडली. या बदलाला न्यूट्रिनोचे दोलन म्हणतात.

हे समजून घेण्यासाठी तानपुऱ्याचे उदाहरण सोयीचे आहे. तानपुऱ्याच्या जोडीच्या दोन तारा एकाच षड्जात मिळवलेल्या असतात. त्यांत केसभर फरक राहिला, तर दोन्ही एकत्र छेडल्यावर आवाज ठरावीक अंतराने वाढतो आणि कमी होतो. जाणकार कानाला त्यावरूनच तार उतरल्याचे कळते. फरक जितका सूक्ष्म, तितकी ही चढउतार संथ. तारा तंतोतंत जुळल्या तर चढउतारच नाही. न्यूट्रिनोचा प्रत्येक प्रकार हा असाच वेगवेगळ्या वस्तुमानांच्या लहरींचा मेळ आहे. वस्तुमानांत फरक असेल तरच हा मेळ प्रवासात बदलत जातो. सगळी वस्तुमाने शून्य असती तर दोलन झालेच नसते.

यातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. आवाजाच्या चढउतारावरून दोन तारांतील फरक कळतो, मात्र मूळ पट्टी कोणती ते कळत नाही. त्याचप्रमाणे दोलनांतून वस्तुमानांच्या वर्गांतील फरक समजतो, प्रत्यक्ष वस्तुमान नव्हे.

कळंबच्या पायाखालचे अंतर

दोलनाचा निर्णायक पुरावा जपानमध्ये मिळाला. तेथील सुपर-कामिओकांडे या प्रयोगात जमिनीखाली एक किलोमीटर खोल ५० हजार टन शुद्ध पाण्याची टाकी आहे. तिच्यात वातावरणीय न्यूट्रिनो कोणत्या दिशेने आले ते कळते.

दिशेला एवढे महत्त्व का, हे कळंबच्याच नकाशावरून पाहता येईल. कळंबच्या डोक्यावरील वातावरणात तयार झालेला न्यूट्रिनो जमिनीपर्यंत येताना जेमतेम १५ ते २० किलोमीटर प्रवास करतो. पृथ्वीगोलावर कळंबच्या नेमक्या विरुद्ध टोकाला दक्षिण प्रशांत महासागर आहे, ईस्टर बेटाच्या उत्तरेकडील मोकळा समुद्र. त्या समुद्रावरील हवेत तयार झालेला न्यूट्रिनो पृथ्वी भेदून कळंबला पोहोचतो तेव्हा त्याने सुमारे १२,८०० किलोमीटर अंतर कापलेले असते. विश्वकिरण सर्व दिशांनी सारखेच येत असल्याने दोन्हीकडून येणाऱ्या न्यूट्रिनोंची संख्या सारखी असायला हवी. प्रवासात बदल होत असेल तरच ती वेगळी भरेल.

सुपर-कामिओकांडेत ती वेगळी भरली. पुरेशा ऊर्जेचे जे म्यूऑन न्यूट्रिनो खालून येत होते, त्यांची संख्या वरून येणाऱ्यांच्या जवळपास निम्मी निघाली. जून १९९८ मध्ये जपानच्या ताकायामा येथील परिषदेत हा निष्कर्ष जाहीर झाला. कॅनडातील सडबरी प्रयोगशाळेने २००१ आणि २००२ मध्ये सूर्याच्या न्यूट्रिनोंचाही छडा लावला. त्यासाठी तेथे एक हजार टन जड पाणी वापरले होते. त्यामुळे तिन्ही प्रकार मिळून एकूण मोजणी शक्य झाली. एकूण संख्या गणिताशी जुळली. सूर्याचे गणित बरोबर होते आणि डेव्हिसही बरोबर होते. उरलेले न्यूट्रिनो वाटेत रूप बदलून आले होते, इतकेच. डेव्हिस यांना २००२ मध्ये, तर ताकाआकी काजिता आणि आर्थर मॅक्डोनल्ड यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

मूलकणांच्या प्रमाणित सिद्धांतात न्यूट्रिनोचे वस्तुमान शून्य धरलेले होते. साहजिकच तो सिद्धांत अपुरा असल्याचे प्रयोगशाळेत प्रथमच ठोसपणे सिद्ध झाले.

विलंबाचे घड्याळ

वस्तुमानाचा दुसरा परिणाम वेगावर होतो. वस्तुमान नसलेला कण प्रकाशाच्या वेगानेच जातो. थोडे जरी वस्तुमान असले तरी तो किंचित मागे पडतो. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षे दूर असलेल्या ताऱ्याच्या स्फोटातून निघालेले न्यूट्रिनो पृथ्वीवर नोंदले गेले. जपान, अमेरिका आणि तत्कालीन सोव्हिएत संघातील उपकरणांनी मिळून अवघे दोन डझन कण टिपले. न्यूट्रिनोचे वस्तुमान १० इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, तर १ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा कण एवढ्या प्रवासात सुमारे अडीच सेकंद मागे पडला असता आणि कमी ऊर्जेचे कण त्याहून मागे. प्रत्यक्षात सर्व कण बारा-तेरा सेकंदांत येऊन गेले. त्यावरून वस्तुमानाला वरची मर्यादा घालता आली.

अशा स्फोटातील न्यूट्रिनो आणखी काही सांगू शकतात, हे टीआयएफआरचे प्रा. अमोल दिघे यांनी दाखविले. २००० मध्ये अलेक्सेई स्मिर्नोव्ह यांच्यासह लिहिलेल्या शोधनिबंधात त्यांनी मांडले, की ताऱ्याच्या दाट गाभ्यातून विरळ बाह्यभागाकडे येताना न्यूट्रिनोंचे प्रकार कसे बदलतील, हे त्यांच्या वस्तुमानांच्या क्रमावर अवलंबून असते. म्हणजेच स्फोटाच्या न्यूट्रिनोंचा तपशील नीट वाचला तर तो क्रम उलगडू शकतो. प्रा. दिघे यांना २०१३ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. अडचण एवढीच, की आपल्या आकाशगंगेतील असा स्फोट नुसत्या डोळ्यांनी दिसल्याला चारशेहून अधिक वर्षे झाली. शेवटची नोंद १६०४ ची आहे.

काट्यावरचे वजन

प्रत्यक्ष वस्तुमान मोजण्याचा फर्मींनी सुचविलेला मार्ग आजही वापरात आहे. जर्मनीतील कार्ल्सरूह येथील कॅट्रिन प्रयोगात ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचे तिप्पट जड रूप, विघटित होताना बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजली जाते. आलेखाच्या ज्या शेवटच्या टोकात माहिती दडलेली असते, तेथे सुमारे पाच लाख कोटी विघटनांमागे एखादाच इलेक्ट्रॉन सापडतो. यासाठीचे २०० टनांचे उपकरण २००६ मध्ये जर्मनीतच तयार झाले. मात्र ते रस्त्याने नेणे अशक्य असल्याने डॅन्यूब नदी, काळा समुद्र, भूमध्य समुद्र आणि ऱ्हाइन नदी अशा जवळपास नऊ हजार किलोमीटरच्या वळशाने आणावे लागले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार न्यूट्रिनोचे वस्तुमान ०.४५ इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षा कमी आहे. इलेक्ट्रॉनशी तुलना केली तर न्यूट्रिनो त्याच्यापेक्षा दहा लाखांहून अधिक पटींनी हलका ठरतो. दुसऱ्या बाजूने, दोलनांच्या मोजमापांवरून सर्वांत जड न्यूट्रिनो किमान ०.०५ इलेक्ट्रॉन व्होल्टचा असलाच पाहिजे.

एवढ्या हलक्या कणाचा विश्वावर काय परिणाम होणार, असा प्रश्न पडेल. पण विश्वाच्या प्रत्येक घनसेंटिमीटरमध्ये आरंभकाळातले सरासरी ३३६ न्यूट्रिनो आहेत. त्यांची संख्या एवढी, की थोड्या वस्तुमानानेही विश्वाच्या प्रसरणाचा हिशेब बदलतो. टीआयएफआरशी निगडित राहिलेले रामनाथ कौसिक यांनी जे. मॅक्लेलंड यांच्यासह १९७२ मध्ये हाच युक्तिवाद वापरून न्यूट्रिनोच्या वस्तुमानावर मर्यादा घातली. त्या काळी प्रयोगशाळेतून, विशेषतः म्यूऑन न्यूट्रिनोबाबत, मिळणाऱ्या मर्यादेपेक्षा ती कितीतरी कडक होती. आता आकाशगंगांच्या विस्तृत नकाशांवरून तिन्ही वस्तुमानांची बेरीज मोजण्याचा प्रयत्न होतो. अमेरिकेतील डेसी प्रकल्पाने २०२५ मध्ये, विश्वरचनेचे प्रचलित प्रारूप गृहीत धरून, ही बेरीज ०.०६४ इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षा कमी असल्याचे म्हटले. दोलनांनुसार ती किमान सुमारे ०.०६ हवी. दोन्ही आकडे एवढे जवळ आले आहेत, की पुढील मोजमापांत एकतर वस्तुमान हाती लागेल किंवा विश्वाच्या प्रारूपातच काही चुकले आहे असे म्हणावे लागेल.

क्रम कोणता, आणि उत्तर कोणाचे?

सध्याचा कळीचा प्रश्न तीन वस्तुमानांच्या क्रमाचा आहे. दोन हलकी आणि एक जड, की दोन जड आणि एक हलके? वस्तुमान मुळात कुठून येते याविषयीचे कोणते सिद्धांत टिकतील, हे या उत्तरावर बरेचसे अवलंबून आहे.

भारताने या प्रश्नासाठी भारतीय न्यूट्रिनो वेधशाळेची, म्हणजे आयएनओची, योजना आखली. टीआयएफआरच्या पुढाकाराने अनेक संस्था त्यात सामील झाल्या. भाभा अणुसंशोधन केंद्राचाही सहभाग होता. डोंगराखाली सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा खणून त्यात ५० हजार टन चुंबकित लोखंडाचे थर आणि त्यांमध्ये काचेचे संवेदक बसवायचे, असा आराखडा होता. पृथ्वीतून येणारे न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो चुंबकाच्या साह्याने वेगळे ओळखता येणे, हे त्याचे वैशिष्ट्य. पृथ्वीतील इलेक्ट्रॉनांचा या दोहोंवर वेगवेगळा परिणाम होतो आणि त्यातून वस्तुमानांचा क्रम कळू शकतो.

निलगिरीतील पहिल्या जागेला व्याघ्रप्रकल्पाच्या सान्निध्यामुळे २००९ मध्ये परवानगी नाकारली गेली. त्यानंतर तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यातील बोडी टेकड्यांची जागा निवडण्यात आली. जानेवारी २०१५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे १,५०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. पुढे स्थानिक विरोध, हरित लवादातील खटला आणि न्यायालयीन लढाई सुरू झाली. २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रकल्पाविरोधात भूमिका घेतली आणि काम ठप्प झाले.

या विरोधाकडे केवळ अज्ञान म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही. न्यूट्रिनोमुळे किरणोत्सर्ग होईल ही भीती निराधार आहे. ते कण वेधशाळा असो वा नसो, सर्वांच्या शरीरातून जातच असतात. पण पश्चिम घाटातील डोंगरात सुरुंग लावणे, वाघांचे भ्रमणमार्ग, जलस्रोत यांविषयीचे प्रश्न खरे आहेत. त्याच सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या कर्जत-खालापूरच्या रहिवाशांना ते वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. प्रकल्पाची माहिती गावकऱ्यांपर्यंत त्यांच्या भाषेत, वेळेवर आणि विश्वास बसेल अशा रीतीने पोहोचली नाही, तर उत्तम विज्ञानही अडून बसते, हा यातला धडा आहे.

दरम्यान इतरत्र काम थांबलेले नाही. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात, जमिनीखाली सुमारे ७०० मीटरवर, २० हजार टन द्रवाने भरलेला जुनो हा प्रयोग २६ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाला. सुमारे ५३ किलोमीटर दूरच्या अणुभट्ट्यांतून येणारे न्यूट्रिनो तो मोजतो. पहिल्या ५९ दिवसांच्या माहितीवर आधारलेले निष्कर्ष नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. क्रमाचे उत्तर देण्यासाठी त्याला काही वर्षे लागतील. अमेरिकेत १,३०० किलोमीटर अंतरावर न्यूट्रिनो पाठविणाऱ्या ड्यून प्रयोगाची उभारणी चालू आहे आणि त्यात भारतीय संस्थांचाही सहभाग आहे.

महाराष्ट्राच्या वाट्याला याच जातीचा आणखी एक प्रश्न येणार आहे. गुरुत्वलहरी वाहून नेणाऱ्या ग्रॅव्हिटॉनचे वस्तुमान आज शून्य मानले जाते. ते शून्य नसेल, तर कमी वारंवारितेच्या लहरी मागे पडतील आणि लहरींचा आकार बदललेला दिसेल. आतापर्यंतच्या नोंदींत तसे काही आढळलेले नाही. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ उभारावयाच्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तो कार्यान्वित झाल्यावर इतर देशांतील वेधशाळांच्या जोडीने अशा तपासण्या अधिक बारकाईने होऊ शकतील.

कोलारच्या सोन्याच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. तेथील न्यूट्रिनो प्रयोग त्याआधीच, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला संपले होते. वातावरणीय न्यूट्रिनो प्रथम नोंदविणाऱ्या देशाकडे आज त्यांच्या अभ्यासासाठी स्वतःची मोठी भूमिगत प्रयोगशाळा नाही. आयएनओच्या निमित्ताने मुंबई आणि मदुराई येथे तयार झालेले संवेदक, ८५ टनांची छोटी प्रतिकृती आणि प्रशिक्षित तरुण संशोधक ही मिळकत मात्र हातात आहे. वस्तुमानांच्या क्रमाचे उत्तर येत्या काही वर्षांत मिळेलच. ते दुसऱ्यांच्या निबंधात वाचायचे, की त्यातला काही भाग स्वतः मोजायचा, याचा निर्णय या मंडळींचे कौशल्य पांगण्याआधी व्हायला हवा.